धाकट्याचे हात बांधलेले होते म्हणे!

काल शनिवार, म्हणून सकाळीच पिशवी घेऊन अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. मुलीच्या शाळेची दोन पुस्तकं हवी होती. परत येताना जोगेश्वरीच्या बोळाच्या तोंडाशी काका भेटले. काका म्हणजे आमच्या जुन्या वाड्यातले शेजारी. वाडा पडला, तिथं इमारत झाली, लिफ्टसुद्धा आली, तरी आम्ही एकमेकांची ओळख करून देताना अजून 'आमच्या वाड्यातले' असंच म्हणतो. काका कमळाचे जुने कार्यकर्ते. खरं तर कमळाच्याही आधीचे, जनसंघाच्या पणतीपासूनचे. भिंती रंगवल्या, स्लिपा वाटल्या, मतमोजणीला रात्र रात्र बसले, आणि स्वतःसाठी एक गोष्ट मागितली नाही. माणूस म्हणून मला फार आवडतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं भांडण आहे.

चहा घेताना विषय निघाला राजकारणाचा. (बुधवारात दुसरा कुठला निघणार?) मी सहज म्हटलं, "काका, १९९५ ला तुमचं सरकार आलं होतं की. त्याचा हिशेब कधी दिलात तुम्ही लोकांनी?"

काका हसले. म्हणाले, "अरे, ते सरकार आमचं कुठं होतं? आम्ही धाकटे भाऊ. मुख्यमंत्री त्यांचा, रिमोट कंट्रोल त्यांचा. आमचे हात बांधलेले होते रे."

घरी आलो, पुस्तकांना कव्हरं घातली, जेवलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. गंमत अशी की हेच वाक्य मी उलट्या बाजूनंही ऐकलेलं आहे. ऑफिसातला एक मित्र, चांगला पुरोगामी वगैरे, नेहमी म्हणतो, "धर्माचं राजकारण करणाऱ्या पक्षाला आघाडीत धाकटा म्हणून घ्यावं. थोरला त्याला आवरतो. सत्ता मिळाली की धार आपोआप बोथट होते." म्हणजे काका म्हणतात आमचे हात बांधलेले होते, आणि मित्र म्हणतो हात बांधण्यासाठीच त्यांना जवळ घ्यावं. दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण बांधलेल्या हातांवर दोघांचाही विश्वास आहे.

माझा नाही. माझं म्हणणं असं, की धर्माच्या नावावर मतं मागणाऱ्या पक्षाला सत्तेत दोन नंबरच्या खुर्चीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. खाती मिळतात, कार्यकर्ता वाढतो, हवं ते विधेयक हळूच पुढं सरकतं, आणि बिल फाडायची वेळ आली की थोरल्याकडं बोट दाखवता येतं. हवेत बोलत नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ.

आधी आकडे. शिवसेना आणि भाजप यांची युती झाली १९८९ मध्ये. १९९० च्या विधानसभेत सेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या. १९९५ ला सेना ७३, भाजप ६५. म्हणजे २८८ च्या सभागृहात थोरला आणि धाकटा यांच्यात फरक किती, तर आठ आमदारांचा. बाकी भरणा अपक्षांचा. आमच्या कसबा मतदारसंघात धाकट्याचं कमळ, मुठा ओलांडून शिवाजीनगरात गेलं की थोरल्याचा धनुष्यबाण. पुण्यातल्या पुण्यात अशी वाटणी होती आणि प्रचारात दोन्ही झेंडे एकाच रिक्षावर असायचे.

१४ मार्च १९९५ ला मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. भाजपचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. आता मुंड्यांकडं खातं कुठलं होतं? गृहखातं! पोलीस, राखीव पोलीस, सगळं त्यांच्याकडं. पुढं सार्वजनिक बांधकाम खातं नितीन गडकरींकडं आलं. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे : ज्याच्याकडं सर्व्हरचा रूट पासवर्ड आहे, त्याला ज्युनिअर म्हणत नाहीत. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो. राज्य सरकारात गृहखातं म्हणजे रूट पासवर्ड. तो हातात असताना 'हात बांधलेले' म्हणणं जरा जास्तच झालं.

आणि मला बांधकाम खातंही मोजायचंय. मुंबईतले उड्डाणपूल, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग यांचा विषय निघाला की काकांची छाती फुगते. फुगावीच. काम मोठं होतंच. पण मग रस्त्याचं श्रेय घेताना हात मोकळे, आणि गृहखात्याचा जाब द्यायचा तेव्हा बांधलेले, असं कसं चालेल? दोन्ही हात एकाच माणसाचे ना?

गृहखात्याच्या वहीत काय काय आहे ते बघू. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण करत होते. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारनं तो आयोगच गुंडाळून टाकला. माणसं साक्षी देत होती, पोलिसांची उलटतपासणी होत होती, आणि सरकार म्हणालं, बास. मे महिन्यात अटलबिहारी वाजपेयींचं १३ दिवसांचं सरकार दिल्लीत आलं आणि त्यांच्या सांगण्यावरून आयोग पुन्हा सुरू झाला. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषय त्यात जोडून, पण सुरू झाला. याचं श्रेय वाजपेयींना द्यायलाच हवं, मी देतो. पण काका, तुमच्या वाक्याचं काय होतं इथं? धाकट्याच्या दिल्लीतल्या नेत्यानं एकदा सांगितलं आणि रिमोटवालं सरकार मुकाट्यानं मागं आलं. म्हणजे मनात आलं की हात सुटत होते तर!

फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. सरकारनं तो सहा महिने जवळ ठेवला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळात मांडला तो फेटाळूनच. अहवाल हिंदूविरोधी आहे, असं मुख्यमंत्री म्हणाले. यावेळी वाजपेयी पुन्हा पंतप्रधान होते, तेही १३ दिवसांचे नव्हेत. यावेळी दिल्लीहून तसा शब्द आला नाही आणि मुंबईत गृहखात्यानंही हूं की चूं केलं नाही. अहवालात पोलिसांची नावं होती. त्या पोलिसांचं खातं कुणाकडं होतं, हे वर लिहिलंच आहे.

मधे ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसं मेली. गुंडेवार आयोगानं तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. युती सरकारच्या नावावर हा डाग आहे, सगळे म्हणतात. पण नुसतं 'युती सरकार' म्हटलं की डाग दोघांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धासुद्धा येत नाही. आघाडीचं हेच गणित धाकट्याला मानवतं.

"बरं, पण धोरणाचं काय? धोरण तर थोरलाच ठरवणार." असं कुणी म्हणेल. एन्रॉन आठवतंय? गुहागरजवळचा दाभोळचा वीज प्रकल्प. अरबी समुद्रात बुडवू, ही घोषणा मुंड्यांची. सत्तेत आल्यावर प्रकल्पाचा फेरविचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षही मुंडेच. ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. काही महिन्यांत वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प, आणखी मोठा होऊन, समुद्रातून बाहेर आला. केंद्राची प्रतिहमी त्याच १३ दिवसांच्या सरकारनं दिली. २००१ मध्ये वीज मंडळाला ती वीज परवडेना आणि घेणं बंद करावं लागलं. या सगळ्या गोष्टीत थोरल्यानं धाकट्याचे हात नक्की कुठं बांधले, मला तर दिसत नाही. बुडवायला तोच पुढं होता आणि वर काढायलाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ही मला फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून मी 'ज्युनिअर पार्टनर' हा शब्द हसण्यावारी नेत नाही.

महाराष्ट्रात गोहत्येला बंदी आहे ती १९७६ च्या कायद्यानं, काँग्रेसच्या काळातली. त्यात गाय आली, वासरू आलं. बैल मात्र, कामाला निरुपयोगी झाल्याचा दाखला असेल तर, कापता येत असे. १९९५ मध्ये युती सरकारनं दुरुस्ती विधेयक मंजूर केलं : बैल आणि वळूसुद्धा बंद. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि तिथं पडून राहिलं. १९९९ मध्ये युती गेली, काँग्रेस-राष्ट्रवादी आली आणि १५ वर्षं राहिली. विधेयक पडूनच. त्यांनी ते मागं घेतलं नाही. कोण उगाच धार्मिक विषयाला हात लावतो! २०१४ मध्ये भाजपचं सरकार आलं आणि मार्च २०१५ मध्ये, म्हणजे विधेयक लिहिल्यापासून वीस वर्षांनी, ते कायदा म्हणून लागू झालं. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्याबद्दलची कलमं रद्द केली, पण बैलाची बंदी कायम ठेवली.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार लगेच समजेल. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी कोड लिहून ठेवला, तो मुख्य शाखेत घेतला गेला नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं विषय संपला. लिहिणारे निवृत्त झाले. टेस्टिंग करणारे कंपनी सोडून गेले. मग एक दिवस कुणीतरी बटण दाबलं आणि तो कोड जसाच्या तसा प्रॉडक्शनवर. मधल्या वीस वर्षांत जग कुठं गेलं, याचा त्याला पत्ताही नाही.

त्या बटणाचा परिणाम मी पाहिला आहे. माझे मामा जिल्ह्यातच शेती करतात, कोरडवाहू. त्यांच्याकडं बैलजोडी म्हणजे नुसती अवजारं नव्हती, ती बँक होती. बैल उतरणीला लागला की बाजारात न्यायचा, दलालानं रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा, आलेल्या पैशात थोडी भर घालून नवा खोंड घ्यायचा. कायदा आल्यावर म्हातारा बैल घ्यायला गिऱ्हाईकच उरलं नाही. मामा काही बैल कापायला द्यायला उत्सुक नव्हते. पोळ्याला त्यांच्याइतकं मन लावून बैल रंगवणारा माणूस मी पाहिला नाही. पण न चालणाऱ्या जनावराला वर्षानुवर्षं वैरण घालायची म्हणजे चालणाऱ्याच्या तोंडचा घास काढायचा. मामांनी पुढं बैल ठेवणंच सोडलं. भाड्याचा ट्रॅक्टर आणतात. बैल वाचवायच्या कायद्यानं त्यांचा गोठा रिकामा झाला.

आणि जनावरांचा व्यापार करणारे कुरेशी, कातडं कमावणारे, कोल्हापुरी चपला शिवणारे, यांचं काय झालं ते वेगळं. या सगळ्यांनी जाब विचारायचा तर कुणाला? १९९५ च्या धाकट्याला विचारलं तर तो म्हणतो आम्ही धाकटे होतो. २०१५ च्या थोरल्याला विचारलं तर तो म्हणतो हे तर जुनंच विधेयक. पक्ष एकच बरं का!

म्हणून मित्राला माझं सांगणं : आघाडीत धार बोथट होते हे खरं नाही, ती म्यानात जाते. १९९८ मध्ये दिल्लीत राम मंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय मित्रपक्षांसाठी बाजूला ठेवले, तेव्हा किती विद्वानांनी लिहिलं की आता हा पक्ष बदलला! कलम ३७० ऑगस्ट २०१९ मध्ये गेलं. मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं झालं, जानेवारी २०२४ मध्ये. ते चांगलं झालं की वाईट हा आजचा विषयच नाही. बाजूला ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे, एवढंच म्हणतोय. पक्षानं स्वतः कधी लपवलं नव्हतं. आपणच वाचलं नाही.

काकांचा एक आक्षेप मी मान्य करतो. ते म्हणतील, "थोरला काय कमी होता का?" नव्हता. १९८७ च्या पार्ल्याच्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून सेनेच्या रमेश प्रभूंची निवड उच्च न्यायालयानं रद्द केली आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. (त्याच दिवशी त्याच न्यायालयानं मनोहर जोशींची निवड मात्र ग्राह्य धरली. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात होईल असं भाषणात म्हणणं ही केवळ आशा आहे, असा निर्वाळा देऊन.) तेव्हा थोरल्याला सोवळ्यात बसवायचा माझा बेत नाही. पण थोरल्यानं निदान आपलं नाव पाटीवर लावलं होतं. शिव्याही त्यानंच खाल्ल्या.

दुसरा आक्षेप हमखास येणार : "आणि केरळात मुस्लिम लीग?" अवश्य! पट्टी एकच हवी. तिथं काँग्रेसच्या आघाडीत लीग वर्षानुवर्षं धाकटी आहे, आणि आघाडी सत्तेत आली की शिक्षणखातं बहुतेक वेळा तिच्याकडं. २०१२ मध्ये पाचव्या मंत्र्यासाठी लीग अडून बसली आणि तो मिळवलाच. शाळा कुठं निघणार, शिक्षक कोण नेमणार, हे ज्याच्या हाती त्याला धाकटा म्हणायचं? लीगला जो प्रश्न तोच भाजपला, आणि तोच उद्या आणखी कुणी टोपी, टिळा, क्रूस, कृपाण घेऊन आला तर त्यालाही.

तिसरी गोष्ट थोरल्या भावांसाठी. धाकट्याला आवरू म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडं बघावं. १९९४ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं भाजपशी युती केली. भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष, बहुजनांचा, गावोगाव पाळंमुळं असलेला. मगोला १२ जागा मिळाल्या, भाजपला ४. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, भाजप १० आणि मगो ४. त्याच वर्षाअखेर काँग्रेस फोडून फ्रान्सिस सार्दिन मुख्यमंत्री झाले, भाजप धाकटा भागीदार. वर्षही पुरं झालं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये भाजपनं पाठिंबा काढला आणि मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री. पुढं मगो भाजपच्या सरकारात धाकटा झाला, आणि मार्च २०१९ च्या एका मध्यरात्री त्याच्या तीनपैकी दोन आमदारांचं विलीनीकरण झालं. थोरल्याच्या ओसरीवर आलेला पाहुणा माजघरात कसा पोचतो, ते पंचवीस वर्षांत समोर आलं.

महाराष्ट्रात जरा जास्त वेळ लागला इतकंच. २००९ मध्ये भाजप ४६ आणि सेना ४४. २०१४ मध्ये युती तुटली आणि भाजप १२२, सेना ६३. आणि जून २०२२ मध्ये तर कमालच. १०६ आमदारांच्या पक्षानं मुख्यमंत्रिपद एकनाथ शिंद्यांना दिलं आणि देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. गृहखातं कुणाकडं? फडणवीसांकडं. १९९५ चीच मांडणी, फक्त यावेळी 'धाकटा' थोरल्याच्या दुपटीहून मोठा. डिसेंबर २०२४ मध्ये पाटी बदलली आणि फडणवीस मुख्यमंत्री झाले. म्हणून म्हणतो, धाकटा-थोरला ही ताकदीची मोजणी नव्हे, जबाबदारी कुणाच्या नावावर टाकायची त्याची सोय आहे.

मग करायचं काय? आघाड्या होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मतदार म्हणून तीन प्रश्न आपण विचारू शकतो. मतदानाआधी : तुमच्या जाहीरनाम्यातलं काय तुम्ही सोडलंय आणि काय नुसतं बाजूला ठेवलंय, ते लिहून द्या. सरकार बनताना : खाती कुठली घेताय? (मंत्री किती यापेक्षा खातं कुठलं हे बघा.) आणि पाच वर्षांनी : ज्या खात्यावर तुमची सही होती त्याचा हिशेब तुमच्याच तोंडून द्या, थोरल्याचं नाव न घेता. २०१९ मध्ये महाविकास आघाडीनं निदान किमान समान कार्यक्रम कागदावर आणला होता. तो पाळला का, यावर भांडता तरी आलं. कागदच नसेल तर भांडणार कशावर?

आमच्या घरापासून चार पावलांवर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथं. धर्म बुडेल म्हणणारे तेव्हाही याच पेठांमध्ये होते. पण निदान ते उघड उभे राहून म्हणत होते आणि शेण फेकायचं तर स्वतःच्या हातानं फेकत होते. आमचे हात बांधलेले होते, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

असो. बरंच लांबलं. काकांना हा लेख छापून देणार आहे, कारण ते स्क्रीनवर वाचत नाहीत. रागावतील, चष्मा पुसून पुन्हा वाचतील आणि मग वाद घालायला वर येतील. पुढच्या शनिवारचा चहा माझ्याकडून.